नुसतं बसायचं होतं

नवी पेठेत माझं कापडाचं दुकान आहे. फुटपाथवर ब्लाउजपीस विकण्यापासून सुरुवात केली. जागा, गिऱ्हाईक, सगळं भांडून मिळवलं. घरात मात्र एक दुपार सोडवून घेता आली नाही. दुकानाला सुट्टी म्हणजे नवऱ्याला सुट्टी. तो जेवून पंख्याखाली आडवा होतो आणि मी आठवड्याचे कपडे घेऊन मोरीत.

बार्शीला माझी थोरली बहीण असते. लग्नाआधी दुपारी आम्ही दोघी घराच्या पायरीवर बसायचो. काही करायचो नाही, बोलायचो. त्या बसण्याची मला अजून भूक आहे. ती फोनवर म्हणायची, "ये की गं एकदा. नुसतं बसू."

यंदा उन्हाळ्यात एका सुट्टीला कपडे तसेच टाकून एसटीत बसले.

आक्कानं दारात मिठी मारली आणि लगेच स्वयंपाकाला लागली. जेवणं झाली, भांडी झाली, मग गच्चीवरची ज्वारी उलटायची निघाली. मी तिच्या मागे मागे. दाजी टीव्हीसमोर लोळत होते. माझं डोकं तापलं.

"दाजी, आज चहा तुमच्या हातचा."

"मेव्हणीचा हुकूम! मोडून चालंल व्हय?" ते हसत उठले.

मी आक्काला ओढून मागच्या पायरीवर बसवलं. तिनं पदरानं घाम पुसला. मग म्हणाली, "तुला एक सांगायचं होतं गं. कुणाला बोलले नाही अजून..."

आतून हाक आली, "आगं, साखर कुटं हाय?"

"निळ्या डब्यात."

"हितं निळे दोन हायती की!"

"मग दोन्ही उघडा! हात मोडलेत का?" मी ओरडले. पण आक्का उठलीच होती.

"सांडतील गं," म्हणत ती आत गेली. चहा तिनंच आणला. माझ्या गाडीची वेळ झाली होती, उभ्यानंच प्यायलो.

"काय सांगत होतीस?"

"राहू दे. पुढच्या वेळी, निवांत."

एसटी बार्शीबाहेर पडल्यावर राहवेना. फोन लावला. "आता सांग."

"भाकऱ्या टाकतीय गं. थांब, पीठ लागलंय हाताला."

तिनं फोन बाजूला ठेवला असावा. भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी फोन कानाला तसाच धरून ऐकत बसले.