दोन बलकांचं अंडं

धुळ्याला सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो तेव्हा माझ्याच ऑफिसातला एक कारकून शेजारी होता. तो परसात कोंबड्या पाळायचा, म्हणजे पाळायची त्याची बायको. खुराडं झाडणं, दाणा घालणं, मुंगूस हाकलणं, सगळं वहिनींकडे. याच्याकडे फक्त मिरवण्याचं खातं. रुमालात गुंडाळलेलं अंडं शर्टाच्या खिशातून तो ऑफिसात आणायचा आणि बल्बसमोर धरून म्हणायचा, "नीट बघा भाऊ, आत दोन बलक आहेत. साधं अंडं मी काढतच नाही." ऐकणाऱ्याला वाटावं, घालतो हाच.

अंडी आणखी मोठी व्हावीत म्हणून त्याने कोंबड्यांना सरकीची पेंड चालू केली. "म्हैसनं खानं शे ते, कोंबडीले कसाले?" वहिनी म्हणाल्या. त्याने ऐकलं नाही. मग एकदा तांबडी कोंबडी दिवसभर खुराड्यात नुसती कण्हत बसून राहिली. वहिनींनी सांगितलं, तर म्हणाला, "मोठं येतंय. वेळ लागणारच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रुमाल घेऊन माझ्या दारात उभा. "एवढं मोठं, की तिला घालताच आलं नाही. मेल्यावर मी कापून काढलं." सांगताना त्याची छाती फुगली होती. अंडं त्याने उन्हात धरलं. "दोन आहेत ना?"

मी त्याच्या मागे बघत होतो. कुंपणापलीकडे वहिनी खुरप्याने खड्डा खणत होत्या.

"तिकडे काय बघता भाऊ," तो म्हणाला, "इकडे बघा."