आबांची रविवारची हजेरी

आमच्या बडोद्यातल्या मांजलपूरच्या सोसायटीत हिंमतराव शिर्क्यांना सगळे आबाच म्हणतात. आबांचे पणजोबा बडोदे सरकारच्या पायदळात होते. आबा छाणीच्या कारखान्यातून गेटवरचे सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. पणजोबा राखायचे राजवाडा आणि आबा प्लास्टिकच्या बादल्या, पण मिशीला तो फरक कधी कळला नाही.

चौऱ्याण्णव साली नात स्नेहल चार वर्षांची झाली. मुलगा धैर्यशील सावली गावच्या फॅक्टरीत शिफ्टमध्ये, सूनबाई बँकेत. मग शाळाप्रवेशाची मोहीम आबांनी अंगावर घेतली. शाळा नन्सची, इंग्लिश मीडियम. जागा साठ, फॉर्म भरणारे सहाशे.

“असं नुसत्या फॉर्मनं होत नाही,” आबांनी जाहीर केलं. “ज्याची चाकरी, त्याच्या दारी हजेरी. शाळा चर्चची, तर हजेरी चर्चमध्ये. दर रविवारी.”

“रविवार आपल्या खंडोबाचा!” आबांच्या पत्नी गंगाबाईंनी लाटणं आपटलं.

“घरचं ठाणं तू सांभाळ. तिकडची आघाडी माझी.”

पहिल्या रविवारी स्नेहलला स्कूटरवर पुढे उभी करून आबा फतेहगंजला निघाले. क्रूस दिसला तिथे ब्रेक दाबला. पायरीशी बूट काढले, हातात नारळ. पाद्री मॅकवानसाहेब दारातच उभे होते.

“आवो आवो! पण आनुं शुं करूं?” याचं काय करू, असं नारळ हातात तोलत त्यांनी गुजरातीत विचारलं.

“फोडा की!”

साहेबांनी तो घरी नेऊन त्याची चटणी केली म्हणे.

तिसऱ्या रविवारपर्यंत आबांना एक गोष्ट सहन होईनाशी झाली. भाड्यानं आणलेल्या लोखंडी खुर्च्या वाकड्यातिकड्या मांडल्या जायच्या. चौथ्या रविवारी ते तासभर आधी पोचले, खिशातून सुतळी काढली आणि एका ओळीत बारा अशा दहा ओळी परेडला उभ्या केल्या. मागून स्नेहल प्रत्येक खुर्चीला हात लावत मोजायची, “वन, टू, थ्री...” बारा झाल्या की आबा ओरडायचे, “पुढची लाईन!”

“घरात कधी जेवलेलं ताट उचललं नाहीत,” गंगाबाई म्हणायच्या, “आणि तिथे खुर्च्या उचलता?”

“ते ताट आहे. ती शिस्त आहे.”

असे सहा महिने गेले. मुलाखतीच्या दिवशी आबांनी फेटा बांधला आणि प्रिन्सिपल सिस्टरच्या टेबलावर पाद्रीसाहेबांची चिठ्ठी ठेवली. सिस्टर मूळच्या केरळच्या, पण बडोद्यात वीस वर्षं काढल्यानं मराठी बरं बोलायच्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला.

“हिंमतराव, हे चर्च आमचं नाही.”

“म्हणजे?”

“आम्ही कॅथलिक. ते प्रोटेस्टंट. वेगळे.”

आबांच्या फेट्याखाली घाम सुटला. सहा महिने, सव्वीस रविवार, सगळी हजेरी भलत्याच ठाण्यावर!

“म्हणजे... भाऊबंदकी?” त्यांनी हळूच विचारलं.

“जवळपास पाचशे वर्षांची,” सिस्टर हसू दाबत म्हणाल्या.

“आमची शंभरच वर्षांची आहे. पण एकमेकांच्या चिठ्ठ्या आम्हीसुद्धा मानत नाही.” आबांनी चिठ्ठी उचलून खिशात घातली. “माझी चूक. पोरीला शिक्षा नको.”

“शिक्षा कसली? इथे निम्म्याहून जास्त मुलं हिंदू आहेत. चर्चला कोणीच जात नाही. तुम्ही एकदा विचारायचं तरी कोणाला!” सिस्टर स्नेहलकडे वळल्या. “बेटा, दहापर्यंत येतं?”

स्नेहल उठली. सिस्टरच्या खुर्चीला हात लावला. “वन.” आबांची खुर्ची, “टू.” मग भिंत, कपाट, खिडकीचे गज, पुन्हा भिंत. बारा झाल्यावर कडक आवाजात “पुढची लाईन!” आणि तेरा. पोरगी थांबेना. दाराबाहेरची शिपाईणबाई डोकावली, तिलाही नंबर मिळाला.

“बस, बस!” सिस्टर म्हणाल्या, तेव्हा आकडा एकशे आठवर होता.

“अजून एक लाईन आहे,” स्नेहलनं बजावलं आणि ती पुरी करूनच बसली.

आठवड्यानं यादी लागली. स्नेहल शिर्के, अकरावं नाव. आबांनी सोसायटीभर पेढे वाटले आणि वाटताना ‘हजेरी’ हा शब्द एकदाही काढला नाही.

पुढचा रविवार उजाडला. गंगाबाईंनी भंडाऱ्याची वाटी काढली, समई लावली. “झालं ना तुमचं काम? आता बसा खंडोबापुढे.”

आबा सुतळी खिशात घालत होते. “येतो तासाभरात. मॅकवानसाहेब एकटे काय करणार?”

“अहो, आता जायचंच तर सिस्टरच्या चर्चला तरी जा! शाळा तिची आहे.”

“जाऊन आलो परवा,” आबा स्कूटरला किक मारत म्हणाले. “तिथे बाकं आहेत, जमिनीला ठोकलेली. तिथे माझं काय काम?”