चोरटी हवा

जगातल्या निम्म्या दुखण्यांचं मूळ कुठल्यातरी फटीतून शिरणाऱ्या हवेत असतं, अशी ठाम श्रद्धा असलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो माझा साडू निघावा हे माझं भाग्यच. बिबवेवाडीत त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांची जुनी जर्मन गाडी उभी असते. तिच्या इंजिनात जाणारी हवा आधी मोजली जाते आणि त्या मापानं पेट्रोल सुटतं. पण एखाद्या रबरी नळीला बारीक चीर पडली की न मोजलेली हवा आत घुसते, माप चुकतं आणि जागच्या जागी चालू ठेवलेलं इंजिन दमेकऱ्यासारखं वरखाली होऊ लागतं. साडू या हवेला 'चोरटी' म्हणतात. तिला पकडायला ते हातभर नळीचं एक टोक कानात घालून बॉनेटखाली वाकतात आणि 'सूं' ऐकू आलं की नेमकं तिथे बोट ठेवतात. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते अक्षतांसकट नाहीसे झाले, ते नवऱ्यामुलाच्या मामांच्या गाडीत डोकं घातलेले सापडले. "अहो, मुहूर्त टळतोय!" मी म्हणालो. "तुमच्या मुलीला अख्खं आयुष्य पडलंय," ते मान वर न करता म्हणाले, "हे मामा स्वारगेटच्या पुढे जात नाहीत." मामा त्या दिवशी सुखरूप कराडला पोचले, ते साडूंच्याच कृपेनं.

गेल्या हिवाळ्यात त्यांची स्वतःची गाडी धापा टाकू लागली. एका रविवारी मी गेलो, तेव्हा सगळ्या नळ्या नव्या घालून झाल्या होत्या, वॉचमनचा मोबाइल बंद करवला होता आणि साडू नळी लावून घामाघूम झाले होते. "गळती नाहीच. असती तर मला ऐकू आली नसती?" ते चिडून म्हणाले. मला तर ती शिट्टी दोन हातांवरून स्वच्छ ऐकू येत होती. मी तोंड उघडणार, एवढ्यात चहा घेऊन आलेल्या ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली.

"द्या बघू, मलाही एकदा ऐकू दे," असं म्हणत त्यांनी नळी कानात घातली. चार चुकीच्या जागा उगाच फिरल्या, मग इंजिनच्या मागच्या एका जोडाशी थांबल्या. "इथे काही आहे का हो? मला काय कळतंय म्हणा!" साडूंनी त्या जोडावर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडले, चीर तेवढ्यापुरती बुजली आणि इंजिन क्षणात शांत, एकसुरी चालू लागलं. त्यांनी हात पुसले आणि ताईंना विचारलं,

"किती दिवस ऐकू येतंय तुला?"

"झाले थोडे."

"बोलली नाहीस."

"चहा गार होतोय," ताई म्हणाल्या.

जोड नवा बसल्यावर आम्ही तिघं खडकवासल्याला निघालो. त्या गाडीविषयी साडूंनी कुणाला काही विचारल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र प्रत्येक सिग्नलला ते ताईंकडे वळून हळूच विचारत, "काय म्हणतेय?" ताई डोळे मिटून नीट ऐकून घेत, आणि सांगत, "बरी आहे. चला."