डिस्कवालं की बिनडिस्कचं

दोन हजार वीसच्या हिवाळ्याच्या तोंडावर आमच्या घरात एक वाद सुरू झाला आणि पुढे बरेच दिवस तो जेवणाच्या टेबलावर मीठ-लोणच्यासारखा रोज असायचाच. नवऱ्याला नवीन गेम कन्सोल घ्यायचा होता. तो दोन प्रकारांत मिळत होता. एकाला ब्लू-रे डिस्क घालायची खाच होती, दुसऱ्याला खाचच नव्हती, सगळं इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं. नवऱ्याला खाचवाला हवा होता. माझं म्हणणं होतं की खाच म्हणजे निव्वळ अडगळ.

आम्ही आयर्लंडमधल्या मलिंगार गावाच्या कडेला राहत होतो. घराच्या मागे शेजाऱ्यांची बाग आणि त्यापलीकडे गाई. दोघंही मूळचे सॉफ्टवेअरवाले, दोघंही घरून काम करणारे. मी बेडरूममध्ये, तो जिन्याखाली. माझं काम लोकांचा डेटा क्लाउडवर ठेवण्याच्या सॉफ्टवेअरचं. त्यामुळे डिस्क या वस्तूबद्दल माझं मत पक्कं होतं.

"अरे, आपल्या घरात शेवटची डिस्क कधी पाहिलीस?" मी विचारायचे.

"प्रश्न तो नाही. हाय डेफिनिशन चित्र डिस्कवर जसं येतं तसं स्ट्रीमिंगवर येत नाही. त्यात काळा रंग काळा दिसतो."

"आणि स्ट्रीमिंगवर?"

"राखाडी."

"पण तुला गेम खेळायचेत ना? का काळा रंग बघायचाय?"

मग तो इंटरनेटवर घसरायचा. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. आम्ही दोघं एकाच वेळी मीटिंगमध्ये असलो की तिसऱ्या कुणी साधा फोटो उघडला तरी माझा बॉस तोंड उघडं ठेवून गोठायचा. अशा लाइनवरून एवढाले गेम उतरवायचे म्हणजे आम्ही दोघांनी नोकऱ्या सोडायला हव्या होत्या. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. त्याला गेमचे डबे शेल्फवर ओळीत लावलेले हवे होते. लहानपणी अमरावतीत मित्राकडे त्याने तसे पाहिले होते.

हा वाद निकालात काढला माझ्या सासूबाईंनी. त्या वर्षी फेब्रुवारीत त्या तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि करोनामुळे विमानंच बंद झाल्याने आमच्याकडे अडकल्या होत्या. सूटकेसमध्ये उन्हाळ्याच्या साड्या. त्यावर माझे स्वेटर, नवऱ्याचं जाकीट आणि डोक्याला मफलर अशा अवतारात त्या दिवसभर खिडकीशी बसून गाई बघत. आमचं भांडण त्यांनी बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एका दुपारी उठल्या, सूटकेसच्या तळातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक डबा काढला आणि टेबलावर ठेवला. त्यात तीन डिस्क होत्या, माझ्या नणंदेच्या लग्नाच्या.

"मले सांगा," त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या मशीनमध्ये हे चालीन काय?"

नणंदेचं लग्न माझ्या लग्नाच्या बरंच आधी झालं होतं. मी ते पाहिलं नव्हतं. पण मुद्दा माझा नव्हता. सासरे त्यानंतर काही वर्षांनी गेले, घरातला प्लेअर त्याच सुमारास बिघडला आणि मग सासूबाईंनी त्या डिस्क कधी पाहिल्याच नाहीत. इकडे येताना त्यांनी त्या बरोबर घेतल्या होत्या, कारण पोरगा आणि सून कॉम्प्युटरवाले, त्यांच्याकडे काहीतरी सोय असणारच. आमच्याकडे दोन लॅपटॉप होते आणि दोन्हींनाही खाच नव्हती.

"चालणार ना आई," नवरा म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जिंकलेला माणूस असाच वागतो.

कन्सोल मिळणं सोपं नव्हतं. दुकानं बंद, माल कमी. आठवडेच्या आठवडे हा मीटिंगमध्ये "हो, बरोबर" म्हणत दुसऱ्या खिडकीत वेबसाइट ताजी करत बसायचा. अखेर एक दिवस डिलिव्हरीवाल्याने दारात खोकं ठेवलं आणि बेल मारून लांब जाऊन उभा राहिला. आतून जी वस्तू निघाली ती टीव्हीशेजारी उभी केल्यावर एखाद्या शहरात नवं टोलेजंग ऑफिस बांधावं तशी दिसू लागली. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं. नवऱ्याला ते पांढऱ्या रंगावर आवडलं नाही.

मग पहिली डिस्क आत गेली. मशीनने ती सुर्रकन ओढून घेतली, थोडं घुरघुरलं आणि पडद्यावर एक ओळ आली. ही डिस्क ओळखता येत नाही.

त्याने ती काढून टीशर्टला पुसली. पुन्हा घातली. दुसरी घातली. तिसरी घातली. मशीन प्रत्येक वेळी तेवढ्याच सभ्यपणे नाही म्हणत राहिलं. शेवटी मी एक डिस्क उचलून उजेडात धरली. कडेला बारीक अक्षरात छापलं होतं: व्हीसीडी. अमरावतीच्या फोटोग्राफरने स्वस्तातलं काम केलं होतं. हा डिस्कचा फार जुना प्रकार. जगातल्या उत्तमातल्या उत्तम डिस्क वाचणारं ते मशीन या साध्या प्रकाराला मात्र हातही लावत नव्हतं.

सासूबाईंना मी हे समजावून सांगितलं.

"एवढं मोठं मशीन आनलं," त्या म्हणाल्या, "अन् माह्या पोरीचं लगन नाई दिसत त्याच्यात?"

नवरा जिन्याखाली जाऊन बसला. मला खरं तर "बघ, मी म्हटलं होतं" असं म्हणायला हवं होतं, पण सासूबाई डिस्क पुन्हा पिशवीत गुंडाळत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात दिसेनात. पाहते तर आमच्या मागच्या अंगणात कुंपणाशी उभ्या, हातात डबा, आणि पलीकडे शेजारीणबाई. या सत्तरीच्या आयरिश बाई एकट्या राहायच्या. आमचा त्यांच्याशी संबंध हवापाण्यापुरता. त्यांच्या भाजीच्या वाफ्यावर पाखरांना हाकलायला दोरीला बऱ्याच चकत्या टांगलेल्या होत्या, त्या वाऱ्यावर चमकायच्या. मी कधी नीट पाहिलं नव्हतं. सासूबाईंना मात्र महिनोन्महिने खिडकीतून बघायला दुसरं होतं काय? त्या चकत्या म्हणजे डिस्क होत्या.

"तिच्या वावरात डिस्का लटकवल्या हायेत," त्या मला म्हणाल्या. "तिले समजत असन त्यातलं."

मागून नवरा धावत आला. त्याला वाटलं, आई वैतागून बहिणीचं लग्न कावळ्यांसाठी देऊन टाकतेय.

शेजारीणबाईंना खरंच समजत होतं. गावात त्यांचं सिनेमे भाड्याने देण्याचं दुकान होतं, बंद होऊन बरीच वर्षं झालेली. आता मागच्या शेडमध्ये दुकानाचं उरलंसुरलं पडलं होतं. डबा उघडून त्यांनी डिस्क पाहिली आणि म्हणाल्या, "अरे, या होय. ग्रँड. माझ्याकडे एक जुना प्लेअर आहे, तो काहीही चालवतो. टोस्ट घातला तरी चालवेल."

मग नवऱ्याने तोंड पाडून त्यांना कन्सोलची हकीकत सांगितली. त्या कुंपणाला टेकल्या आणि बराच वेळ हसल्या.

"वाफ्यावरच्या त्या कसल्या डिस्क आहेत ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं. "एके काळी हाय डेफिनिशनच्या डिस्कचे दोन प्रकार निघाले होते. निळ्या डब्यातले, म्हणजे तुमचे ब्लू-रे, आणि लाल डब्यातले. दोन्हींत चित्र सारखंच सुंदर. दुकानात दोन्ही ठेवणं परवडेना, तेव्हा मी लाल घेतले."

"का?" नवऱ्याने विचारलं.

"शेल्फवर छान दिसत होते."

नवऱ्याने मान डोलावली. हे त्याला पूर्ण पटलं.

"आणि मग एका गेमच्या मशीनमध्ये निळ्या डिस्कची खाच आली. पोरांनी मशीन गेमसाठी घेतलं, पण आईबापांना घरबसल्या निळा प्लेअर मिळाला. लाल डिस्क नेईना कोणी, त्याच या वाफ्यावर टांगल्यात. तेव्हा गेमच्या मशीनला अशी डिस्क लागते की नाही ते मला विचारू नका. मशीनचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते डिस्कवाल्यांचं, आणि त्या भानगडीत माझं दुकान सापडलं."

हे सगळं मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी कुंपणावरून हात नेऊन बाईंचा दंड थोपटला. त्या काळात कुणी कुणाला शिवत नव्हतं. दोघीही एकदम मागे सरकल्या आणि मग दोघीही हसल्या.

प्लेअर मिळाला तरी तो आमच्या टीव्हीला जोडेना. त्याची जाडी वायर घालायला आमच्या पातळ टीव्हीला जागाच नव्हती. शेजारीणबाई म्हणाल्या, मग टीव्हीही माझाच घ्या. पण तो शेडमधून हलवायला चार माणसं लागली असती. शेवटी डिसेंबरात निर्बंध थोडे सैल झाल्यावर लग्न शेडमध्येच पाहायचं ठरलं. दरवाजा सताड उघडा, आम्ही तिघं एका बाजूला कोट घालून, बाई दुसऱ्या बाजूला ब्लँकेट घेऊन, मध्ये गॅसचा हीटर. सासूबाईंनी चिवडा केला होता. तो बाईंना वेगळ्या डब्यात दिला.

चित्र अगदीच धुरकट होतं. चेहऱ्यांचे चौकोन होत होते. हाय डेफिनिशनवर एवढं बोललेल्या माणसांनी ते पाहावं ही एक शिक्षाच होती. पण पाच मिनिटांत कुणाला काही जाणवेनासं झालं. नवरा कॉलेजातला, डोक्यावर भरपूर केस, वरातीपुढे हातरुमाल दातात धरून नाचत होता.

"हा कोण?" बाईंनी विचारलं.

"हाच," मी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि अत्यंत सहानुभूतीने म्हणाल्या, "काळ फार वाईट असतो, बाळा."

सासरे मात्र सापडेनात. मुलीचे वडील ते, सगळीकडे असणार. मग सासूबाईंनीच दाखवले. मांडवात, पंगतीत, आहेर मांडलेल्या टेबलापाशी, प्रत्येक ठिकाणी एक उंच पाठ आणि हलणारा फेटा. कुणाला तरी सूचना देत कॅमेऱ्याच्या पुढे निघालेले. तिन्ही डिस्क संपत आल्या तरी चेहरा असा दिसलाच नाही.

"फोटोवाल्यानं त्यायची पाठच काढली सारी," सासूबाई म्हणाल्या. "पन बरोबर हाय. जिते होते तवाबी मले पाठच दिसे. चालायचेच इतके भराभर."

मी हे इंग्रजीत कसं सांगावं या विचारात होते. पण बाई उठल्या, प्लेअरचं बटण दाबलं आणि पंगतीचा तो भाग पुन्हा लावला. मग पुन्हा एकदा. नवरा बाहेर जाऊन गाईंकडे बघत उभा राहिला.

त्यानंतर दोघींचं कसलं तरी ठरलं. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, तरी ठरलं. दर शनिवारी कुंपणावर निळ्या डब्यातल्या एकदोन डिस्क यायच्या, पुसून, पिशवीत घालून. निळ्या डिस्क बाईंनी नंतर घेतल्या होत्या, पण तोवर उशीर झाला होता. आधी समुद्रातल्या प्राण्यांच्या फिल्म आल्या. नवऱ्याच्या कन्सोलने त्या मोठ्या आनंदाने चालवल्या. सासूबाई पुढे सरकून बसत आणि ऑक्टोपस बघत. "पाह्य बापा, त्याच्या आंगावरचे फोडबी दिसते." मग हर्लिंगचे जुने सामने आले. पंधरा-पंधरा माणसं लाकडी काठ्या घेऊन एका लहानशा चेंडूमागे धावतात आणि शक्यतो एकमेकांना मारत नाहीत, असा हा इथला खेळ. सासूबाईंना तो पहिल्या अर्ध्या तासात समजला. मला अजून समजलेला नाही.

नवऱ्याने एक गेम घेतला होता, डबेवाला. तो खेळायची पाळी आली फेब्रुवारीत, एका रविवारी, आई दुपारची झोपल्यावर. त्याने डिस्क घातली. मशीनने ती ओळखली. आणि मग कळवलं की डिस्कवरचा गेम जुना झालाय, आधी उरलेला भाग इंटरनेटवरून उतरवून घ्या. नवरा जमिनीवर बसून त्या पट्टीकडे बघत राहिला. ती जराही हलत नव्हती, कारण वर मी माझ्या आईशी व्हिडिओ कॉलवर होते. संध्याकाळपर्यंत पट्टी निम्म्यावर आली, तोवर सासूबाई उठल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "झालं असन तर मले मॅच लावून दे."

तो उठला आणि त्याने मॅच लावून दिली.

विमानं सुरू झाल्यावर सासूबाई परत गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी शेजारीणबाई कुंपणाला वळसा घालून पहिल्यांदा आमच्या घरात आल्या. पिठलं-भाकरी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्याचं की आणखी कशाचं हे कळायला मार्ग नव्हता. मग दोघी सोफ्यावर बसून हर्लिंगची मॅच बघत राहिल्या. मला दुभाष्या म्हणून मध्ये बसवलं होतं, पण काम पडलं नाही.

पुढच्या महिन्यात बाईंनी शेड रिकामं करायला काढलं. नवरा मदतीला गेला आणि निळ्या डब्यांची खोकीच्या खोकी घेऊन आला. ती ठेवायला जागा कुठे? इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आम्हीही तेच म्हणतो. आमच्याकडे मोठा असा एकच प्रेस. त्यात आता डबे उभे आहेत, ओळीत, नवऱ्याने अकारविल्हे लावलेले. डाळी जिन्याखाली गेल्या, त्याच्या ऑफिसात. तो मीटिंगमध्ये असला की मला तूरडाळ काढायला कॅमेऱ्यापुढून वाकून जावं लागतं.