पांढऱ्या साडीचा फोटो

पूर्णेला माझा फोटो स्टुडिओ होता. कॅमेरा जुना, पोटाशी धरून वरून डोकावायचा, मोठ्या रोलचा. त्याच्या भिंगाला वयानं पिवळट झाक आली होती आणि ती रंगीत फोटोत उतरायची. मला पत्ताच नव्हता, कारण माझी गिऱ्हाइकं म्हणजे हळदीनं माखलेली लग्नं. उलट लोक म्हणायचे, "हळद काय चढली हाय नवरीला!" आणि मी कॉलर ताठ करून फिरायचो.

मग चुडाव्याला एका बौद्ध घरातलं लग्न मिळालं. अल्बम पोचवला, तर दुसऱ्याच दिवशी नवरीची आई स्टुडिओत हजर.

"भाऊ, भावकी लय बोलली, तरी म्या लेकीला हळद लावू दिली न्हाई. पांढऱ्या साडीत लगीन लावलं. मग तुमी कामून लावली?"

मी अल्बम दारातल्या उन्हात धरला. साडी चक्क पिवळी! लग्नभर ती पांढरी बघूनही फोटोतली पिवळी मला खटकली नव्हती. लाज वाटली. म्हटलं, नांदेडच्या लॅबमधून नीट करून आणतो.

"मी बी येते," त्या म्हणाल्या, आणि साडी पिशवीत घालून माझ्याबरोबर रेल्वेनं आल्या.

लॅबवाल्यानं डोक्याला हात लावला. "लग्नाची साडी, पिवळीच असंल म्हणून तशीच छापली की!" त्यानं यंत्रातला पिवळा फिल्टर वाढवायला घेतला, तशा बाई खवळल्या.

"पिवळं काढायला पिवळंच घालायलाव का?"

निगेटिव्हवरून छापताना सगळं उलटं चालतं, हे आम्ही दोघांनी परोपरीनं सांगितलं. त्यांना एक अक्षर पटलं नाही. पहिला फोटो अजूनही पिवळसरच आला. दुसरा आला तेव्हा बाईंनी साडीची घडी शेजारी ठेवली आणि मान हलवली.

"नीळ लय झाली. चिमूटभर कमी करा."

लॅबवाला खो खो हसला. इतकी वर्षं मशीनवर बसून त्याला एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. मग तो प्रत्येक फोटोला विचारायचा, "मावशी, आता नीळ?" आणि मावशी घडीवर फोटो टेकवून निकाल द्यायच्या. मला इतका आनंद होत होता की भूकसुद्धा आठवली नाही.

पाचवा फोटो त्यांनी बराच वेळ हातात धरला. डोळे पुसले.

"हां," त्या म्हणाल्या, "आता लागलं बघा लगीन."