शून्य खुर्चीपाशी

आमचा दादा जेवायला बसला तरी त्याचं लक्ष मिठात असतं. मिठाचा एक खडा बोटावर घेऊन तो उजेडात धरतो आणि इकडे भाजी गार होते. वहिनी म्हणते, "अहो, मीठ खायचं असतं, त्याच्याशी बोलायचं नसतं."

दादा प्रयोगशाळेत स्फटिकांची चित्रं कॉम्प्युटरवर तयार करतो. स्फटिक म्हणजे अणूंची एक इवलीशी पेटी, आणि तीच पेटी वर, खाली, चहूकडे तशीच्या तशी रचत गेलेली. त्या पेटीचा शून्यबिंदू, म्हणजे जिथून मोजायचं ती जागा, कुठे ठेवायचा आणि तिथून तीन अक्ष कुठल्या दिशांना काढायचे, हे प्रोग्रामला सांगायचं दादाचं काम. बिंदू सरकवला तरी स्फटिक तसूभर हलत नाही, फक्त सगळ्या अणूंचे पत्ते बदलतात. एकदा मी त्याच्या मागे उभी राहून पडदा पाहिला. निळे-पांढरे गोळे संथ फिरत होते, त्यांच्यामागे तसेच गोळे, त्यांच्याही मागे तसेच. इतकं छान वाटलं की उभ्या उभ्या मला पेंग आली.

मग वहिनीची नजर गेली. संध्याकाळ होत जाते तशी, हळूहळू गेली. ती घरात जिथे तिथे धडपडायला लागली. तिच्या थोरल्या बहिणीने, जिला आम्ही मागून हेडबाई म्हणतो, निकालच देऊन टाकला, "दिवसभर हिच्याकडे कोण बघणार? रविवारी येते आणि घेऊन जाते हिला."

ती गेल्यावर वहिनी मला म्हणाली, "मला हेच घर हवंय गं. पण ते मला सापडत नाही."

दादाने कंबर कसली. बाहेरच्या दारापासून दोन दोऱ्या ताणल्या, एकमेकींना काटकोनात, अगदी देखण्या. पण आमच्या इमारतीतली स्वयंपाकघरं तिरकी. मी वरच्या मजल्यावर राहते, तिथेही तसंच. वहिनी दोरी धरून निघाली की नेमाने फ्रिजवर आदळायची. शेवटी माझं डोकं फिरलं.

"दादा, ती काय पोस्टमन आहे दारातून सुरुवात करायला? दिवसभर बसते ती खिडकीजवळच्या खुर्चीत!"

दादाने कपाळावर हात मारला. प्रोग्राम शून्यबिंदू आपणहून पेटीच्या कोपऱ्यात ठेवतो, आणि नवख्यांनी तो विचार न करता तिथेच राहू दिला की हाच दादा त्यांची खरडपट्टी काढतो. अक्ष काटकोनातच हवेत असंही नसतं. घरी मात्र स्वतःच कोपरा धरून बसला होता!

दोऱ्या सुटल्या आणि खुर्चीला बांधल्या गेल्या. एक तिरकी, थेट स्वयंपाकघरात. दुसरी न्हाणीघराकडे. तिसरी उभी, डोक्यावरच्या फळीवर, जिथे तिचा रेडिओ असतो. दादा रोज डोळे मिटून तिच्यामागून चालायचा. पडायचा तोच.

रविवारी हेडबाई आली ती बॅग घेऊन सरळ कपाटाकडेच वळली. वहिनी खुर्चीतून उठली, दोरीवरून बोटं फिरवत आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. थेंबही सांडला नाही. हेडबाई पाणी प्यायली, डोळे पुसले, "दोरी किती मळलीये," म्हणाली आणि रिकामी बॅग घेऊन परत गेली.

त्या संध्याकाळी वहिनी खुर्चीत मान मागे टेकून बसली होती.

"अहो, आपलं घर तुमची पेटी असतं, तर भिंतीपलीकडे पुन्हा हेच घर?"

"हेच. वर, खाली, सगळीकडे."

"तिथेही खिडकीजवळ मी?"

"हो."

"तिला दिसतं?"

दादाला खोटं बोलता येत नाही, स्फटिकांच्या बाबतीत तर नाहीच. "नाही," तो म्हणाला. "सगळ्या पेट्या सारख्याच असतात."

वहिनीने खुर्चीला बांधलेल्या दोरीवरून बोटं फिरवली.

"बरं," ती म्हणाली. "मग तुम्हीही प्रत्येकीजवळ असणारच. सगळ्यांना सांगा, वाटेतलं स्टूल उचला म्हणावं."

दादाने उठून स्टूल उचललं, भिंतीला लावलं आणि तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर येऊन बसला.