चार दातांचा अर्ज

माझी आत्या गाणं ऐकत नाही. रेडिओ लावते तो बातम्यांपुरता, आणि बातम्या संपून गाणं सुरू झालं की कान पिरगळावा तशी त्याची खुंटी पिरगळते. तरी आमच्या शहरातले निम्मेअधिक वाजवणारे आणि गाणारे तिला आत्या म्हणतात, तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसून बोलणी खातात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात. याला जबाबदार मी.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घराच्या तळमजल्यावर राहते. एका सरकारी कचेरीत ती एकतीस वर्षं आवक-जावक विभागात होती. येणारा प्रत्येक कागद तिच्या शिक्क्याखालून आत जायचा आणि जाणारा प्रत्येक कागद तिच्या शिक्क्याखालून बाहेर. निवृत्त झाली त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "सुटले बाई कागदातून." ते सुख तिला जेमतेम चार महिने मिळालं.

मी बेस गिटार वाजवतो. कुठल्या कंपनीशी न बांधलेले, आपली गाणी आपणच करणारे जे आमच्यासारखे लोक आहेत, त्यांच्यासाठी शहरात एक साहाय्य केंद्र आहे. तिथे सरावाला खोली मिळते, रेकॉर्डिंगला मदत मिळते, वाद्य मोडलं तर दुरुस्तीला, आजारी पडलं तर उपचाराला. सगळं मिळतं, फक्त अर्ज करावा लागतो. माझा रेकॉर्डिंगच्या सामानाचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला तेव्हा मी तो आत्यासमोर टेबलावर टाकला.

तिनं चष्मा लावला. "गटाचा उद्देश, या रकान्यात काय लिहिलंयस?"

"शांततेशी संवाद."

"आणि खाली मागितलंयस काय, तर आवाज मोठा करायचं यंत्र." तिनं चष्मा काढला. "त्यांनी परत केला नसता तर मी जाऊन परत करायला लावला असता."

तासाभरात तिनं अर्ज नव्यानं लिहिला. तीन आठवड्यांत मंजुरी आली. मी हे आमच्या ड्रमवाल्याला सांगितलं, हीच चूक. ड्रमवाल्याच्या पोटात काही राहत नाही. महिन्याभरात आत्याच्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसायला लागला.

आत्याचा वैताग मी जवळून पाहिला आहे, तो खोटा नव्हता. दहाची वेळ दिली की मंडळी साडेचारला ओल्या केसांनी यायची. एका बासरीवाल्यानं फोटो दिला त्यात बासरी पूर्ण होती आणि चेहरा अर्धा. एका गायिकेनं "अर्जदाराचा परिचय" या रकान्यात लिहिलं होतं, "मी वारा आहे." आत्या तिला म्हणाली, "वाऱ्याला जन्मतारीख नसते. तुला आहे. ती लिही." आणि प्रत्येक जण न चुकता म्हणायचा, "आत्या, उद्या शेवटची तारीख आहे."

"त्याच्या आधीसुद्धा तारखा असतात रे," ती म्हणायची. "एकोणतीस होत्या. तेव्हा कुठे होतास?"

दारामागे तिनं स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला: ओळखपत्राची प्रत आणल्याशिवाय बसू नये. सगळे त्या कागदाखालच्याच खुर्चीत येऊन बसायचे.

या सगळ्यांत वेळेवर येणारा माणूस एकच, क्लॅरिनेटवाले काका. वय त्रेसष्ट. जन्मभर दुसऱ्यांच्या मागे बसून वाजवलं, हॉटेलात, नाटकात, दोन वर्षं एका प्रवासी जहाजावर. साठी उलटल्यावर त्यांनी स्वतःच्या चाली बांधायला घेतल्या आणि दोन तरुण वादक जमवून छोटासा गट काढला. त्यांचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावलेले असायचे. आत्या बोलून दाखवायची नाही, पण ते आले की चहा न विचारता ठेवायची.

एके दिवशी सकाळी काका तोंडावर रुमाल धरून आले. रंगमंचाच्या पायरीजवळ पडलेल्या वायरीत पाय अडकला आणि ते पायरीच्या कडेवर तोंडघशी पडले. वरचे पुढचे चार दात गेले.

"हात पुढे करायचे ना," आत्या म्हणाली.

"हातात क्लॅरिनेट होतं. ते वर धरलं."

"म्हणजे नळी वाचवली आणि तोंड फोडून घेतलंत."

"नळी चाळीस वर्षांची आहे, बाई."

"आणि दात?"

काकांनी जरा विचार केला. "दात त्याहून जुने होते."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांना टेकतं. खालचा ओठ आत दुमडून खालून आधार देतो. वरचे दात नसले तर वाद्य तोंडात स्थिर राहत नाही आणि फुंकर कुठेही जाते. काढता-घालता येणारी कवळी फुंकताना सरकते, म्हणून पक्के दातच बसवायला हवेत असं दाताच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आणि ते काकांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

"उपचार साहाय्य," आत्या म्हणाली. "सरळ केस आहे."

सरळ काहीच नव्हतं. पहिला अर्ज बारा दिवसांत परत आला. संगीतकारांच्या आजारांच्या यादीत हात, घसा, कान आणि पाठ होती, दात नव्हते. शेरा होता: दंतोपचार हा सौंदर्योपचारात मोडतो. आत्यानं जोडलेली कागदपत्रं पुन्हा पाहिली तर डॉक्टरनं प्रमाणपत्रात लिहिलं होतं, "अन्न चावण्यास अडचण." ती तडक दवाखान्यात गेली.

"चावायचं काय घेऊन बसलात?" तिनं डॉक्टरला विचारलं. "ते भात गिळतील. वाजवायचं कसं, ते लिहा."

डॉक्टरनं बिचाऱ्यानं लिहून दिलं. दुसरा अर्ज गेला. त्यावर उत्तर आलं, वादकाने दातांऐवजी ओठांचा वापर करून पाहावा. काकांनी तेही मनापासून केलं. वरचा ओठही आत दुमडून वाजवायला बसले आणि दहा मिनिटांत ओठ आतून कापला. आत्यानं त्याचंही प्रमाणपत्र घेतलं आणि तिसरा अर्ज पाठवला. यावेळी त्यांनी विचारलं, अर्जदार सध्या वादक असल्याचा पुरावा द्यावा. मागील तीन महिन्यांतील दोन कार्यक्रम.

काकांचे दात जाऊन साडेतीन महिने झाले होते.

आत्यानं तो कागद एकदा वाचला, उलटा ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि सकाळीच घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा घासायला लागली. मी दारात उभा होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दात नाहीत म्हणून वाजवता येत नाही. वाजवलं नाही म्हणून वादक नाही. वादक नाही म्हणून दात नाहीत. हे कुणी बसून ठरवलं असेल रे?"

"जाऊ दे आत्या," मी म्हणालो. "काका म्हणतात सोडून देऊ."

"त्यांना काय जातंय म्हणायला," ती म्हणाली. "उद्या दहाला तयार राहा. आणि दहा म्हणजे दहा."

केंद्राची कचेरी एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. भिंतीवर हसऱ्या वादकांचे मोठे फोटो, खाली लाकडी बाक, आणि काचेच्या खिडकीमागे एक बाई. माणूस म्हणून वाईट नव्हत्या. आमचे तिन्ही अर्ज त्यांना पाठ होते.

"मला कळतंय हो," त्या म्हणाल्या. "पण नियम काही मी केलेले नाहीत."

"एकतीस वर्षं मीही हेच बोलत आले," आत्या म्हणाली. "समोर उभं राहून ऐकलं की किती संताप येतो ते आज कळलं. तुमची नियमावली द्या."

"कुठली?"

"सगळी."

बाईंनी कपाटातून एक धूळ बसलेली फाईल काढून दिली. आत्या बाकावर बसली आणि वाचायला लागली. काका शेजारी रुमाल घेऊन, मी त्यांच्या शेजारी. तासभर पानं उलटण्याशिवाय आवाज नव्हता. मग तिनं एका पानावर बोट ठेवलं आणि मला वाचायला सांगितलं. वाद्यदुरुस्तीच्या योजनेतलं कलम होतं ते. "वाद्य म्हणजे मूळ वाद्य, तसेच ते वाजते ठेवण्यासाठी आवश्यक असलेले सर्व जोडभाग."

"या योजनेला कार्यक्रमांचा पुरावा लागत नाही," आत्या म्हणाली. "मोडकं वाद्य कोण वाजवणार? एवढं त्यांना इथे सुचलंय."

तिनं तिथेच अर्ज भरायला घेतला. लपवाछपवी तिच्या स्वभावात नाही. वाद्य: क्लॅरिनेट. दुरुस्त करावयाचा भाग: वादकाचे वरचे पुढचे चार दात. पुढचा रकाना होता, निर्मात्याचे नाव.

"आई-वडील," काका रुमालाआडून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," आत्या म्हणाली आणि तिनं लिहिलं, लागू नाही.

खिडकीमागच्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला. "अहो, दात वाद्यात बसत नाहीत."

"नाहीच बसत. वाद्य दातांत बसतं. तेच तर सांगतेय तीन महिने."

बाईंनी शिक्का उचलला आणि पोचपावतीवर मारला. "समिती काय म्हणेल ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

उपचारांचे अर्ज डॉक्टरांच्या समितीकडे जायचे आणि दुरुस्तीचे वादकांच्या, हे आम्हाला पुढे कळलं. वादकांच्या समितीत तसाच दातांशी धरायचा सॅक्सोफोन जन्मभर वाजवलेले एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी आत्याला फोन केला. "वरचे की खालचे?" एवढंच विचारलं.

"वरचे," आत्या म्हणाली.

"मग प्रश्नच नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दात बसले. पण अर्ज दुरुस्तीचा असल्यामुळे दुरुस्तीनंतरची पाहणी बाकी होती. केंद्राचा तपासनीस एका मंगळवारी अकराला आत्याच्या घरी आला. तरुण होता, घाम पुसत बसला, फळीला लावलेला छापील कागद मांडीवर घेतला. काकांनी आ केला. तपासनिसानं जरा लाजत आत पाहिलं आणि खूण केली. शेवटचा प्रश्न होता, दुरुस्तीनंतर वाद्य वाजते काय.

काकांनी क्लॅरिनेट जोडलं आणि फुंकलं. जो आवाज आला तो मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा होता.

"वाजतं," असं म्हणून तपासनिसानं लिहायला घेतलं.

"थांबा," काका म्हणाले. "याला वाजणं म्हणत नाहीत. हे नवे दात गुळगुळीत आहेत, पकड येत नाहीये. नीट वाजत नाही, असं लिहा."

"काका," मी म्हणालो.

"खोटं कशाला लिहायचं?"

आत्याचा आवाज चढलेला मी तोवर ऐकला नव्हता. "पाच महिने," ती म्हणाली, "पाच महिने मी तुमच्या दातांसाठी दारोदार फिरतेय. चार अर्ज. सात प्रमाणपत्रं. आणि तुम्हाला आता सूर लागत नाही म्हणून मंजूर झालेली दुरुस्ती नामंजूर करून घ्यायचीय? तोंड मिटा."

"तोंड मिटून कसं वाजवू?"

"वाजवू नका. बसा."

काका बसले. तपासनिसानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि हळूच विचारलं, "मग मी काय लिहू?"

"प्रश्न काय आहे?" आत्यानं विचारलं. "वाजते काय. सुरात वाजते काय, असा नाही. लिहा, वाजते."

तो लिहून, सही घेऊन घाईघाईनं गेला. त्यानंतर काका तीन आठवडे आमच्याकडे फिरकले नाहीत. आत्या म्हणायची, बरं झालं, डोक्याचा ताप गेला. पण एकोणीस तारखेला, बावीस तारखेला, पंचवीस तारखेला तिनं मला विचारलं की त्यांच्या घरावरून जाणार आहेस का. शेवटी मी जाऊन आलो. काका खिडकीशी बसून एकच सूर धरून होते. क्लॅरिनेटच्या तोंडावर वरच्या बाजूला त्यांनी रबराचा पातळ तुकडा चिकटवला होता, दात घसरू नयेत म्हणून.

"बाईंना सांग, पकड येतेय," ते म्हणाले. "आणि सांग की रागावलो नव्हतो. लाज वाटत होती."

मी सांगितलं. आत्या म्हणाली, "मग फोन करायला काय झालं होतं? फोनला दात लागतात का?"

दोन महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, वाचनालयाच्या सभागृहात काकांच्या गटाचा कार्यक्रम झाला. चाळीस-पन्नास माणसं असतील. आत्या आली. कडेच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन, रांगेत नंबर लागायची वाट बघावी तशी ताठ बसली. काकांनी पाच चाली वाजवल्या. तिसरी संथ होती, खालच्या सुरात बराच वेळ रेंगाळणारी, आणि ती चालू असताना मी आत्याकडे पाहिलं तर तिचे डोळे मिटलेले होते. ऐकत होती की झोपली होती, मला आजही सांगता येणार नाही.

कार्यक्रमानंतर काका घाम पुसत थेट तिच्याकडे आले. "कसं झालं?"

"तिसरं लांबलं," आत्या म्हणाली. "पण शिट्टी कुठे निघाली नाही."

काका एवढे हसले की चारही नवे दात दिसले.

आत्याचं अजून समाधान झालेलं नाही. आजारांच्या यादीत दात घालावेत, म्हणजे पुढच्या माणसाला ही यातायात नको, असं पत्र तिनं केंद्राला लिहिलं. उत्तर आलं, आपली सूचना विहित नमुन्यात नाही. तिनं नमुना मागवला. तर नमुना अजून छापायचा आहे. ती दर महिन्याच्या एक तारखेला स्मरणपत्र लिहिते, नीट समास सोडून, जावक क्रमांक घालून. सहावं परवा मीच पेटीत टाकून आलो.